जीप आणि तिचे मिस्त्री



कृष्णाकाठच्या या व्याख्यानमालेत मी अनेक वर्षे मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकली. पुढे येऊन बोलण्याची पाळी माझ्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. त्यानंतरचे शिक्षण गॅरेजच्या खड्ड्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यात पांडित्य कमी असेल. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी हाताने केलेल्या आहेत, एवढे आश्वासन देतो.

विषय जीपचा आहे. कारखान्यातून बाहेर पडली त्या जीपचा नव्हे, तर मालकांनी आणि मिस्त्रींनी वेळोवेळी बदलून घेतलेल्या जीपचा. पावसाळा सुरू झाला की रविवारी सकाळी पुण्याकडून जुन्या जीपांची रांग वाईत येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. टायर कमरेइतके उंच, पुढे पोलादी दोर गुंडाळलेले विंच, बोनेटच्या बाजूने वर गेलेली हवेची नळी, माथ्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा. धोम धरणामागच्या जोर खोऱ्याकडे जाऊन ही मंडळी ओढ्यातून, चिखलातून गाड्या घालतात आणि संध्याकाळी परत जातात. पाहणारा म्हणतो, ‘पैसेवाल्यांची हौस आहे, त्यात इतिहास कसला?’ मीही पूर्वी तसेच म्हणत असे. पण एका गाडीखाली वाकून पाहिले, तेव्हा मला तिथे पन्नास वर्षांचे काम दिसले. चॅसिसवर एक जोड साठच्या दशकातला, एक ऐंशीच्या दशकातला, आणि एक गेल्या वर्षीचा. तीन जोड, तीन मिस्त्री, आणि तिघांचीही नावे कोठे लिहिलेली नाहीत. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

आरंभ दूरच्या मुलुखातून करावा लागेल. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स जर्मनीपुढे पडला आणि अमेरिकेच्या सैन्याला घाई झाली. घोडा आणि मोटारसायकल या दोहोंची जागा घेईल अशी हलकी गाडी त्यांना हवी होती. त्यांनी १३५ कारखान्यांना विचारणा केली. अट अशी की गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची गती मिळाली पाहिजे, पाव टन ओझे वाहता आले पाहिजे, गाडीचे वजन १,३०० पौंडांच्या आत असले पाहिजे, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत दाखवला पाहिजे. दाद दिली ती फक्त दोघांनी. त्यांपैकी बँटम नावाच्या, डबघाईला आलेल्या एका छोट्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने काही दिवसांत आराखडे काढले, कामगारांनी रात्रीचा दिवस केला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या होलाबर्ड येथील तळावर वेळेत हजर झाली. वजनाची अट मात्र पाळता आली नाही. पुढे कोणालाच ती पाळता आली नाही. अखेर अटच बदलावी लागली.

यानंतर जे झाले ते कामगार चळवळीतल्या माणसाला परिचयाचे आहे. सैन्याने बँटमचे आराखडे विलिस आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांना पाहू दिले. मोठी कामे त्या दोघांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत त्यांनी सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या, आणि बँटमच्या वाट्याला शेवटी जीपमागे जोडायच्या ट्रेलरचे काम आले. विलिसने तर ‘जीप आम्ही निर्माण केली’ अशा जाहिराती दिल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये त्यांना हा दावा करण्यास मनाई केली. पण तोवर जगाने विलिसचे नाव पाठ केले होते. म्हणजे ज्याने प्रथम केले त्याचे नाव पुसले जाण्याची रीत या गाडीच्या जन्मापासूनच आहे.

आता गाडीची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. शिडीसारखी एक लोखंडी चौकट, तिला चॅसिस म्हणतात. तिच्याखाली लोखंडी पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कमानदार पट्ट्या, आणि त्या पाट्यांवर बसवलेले पुढचा आणि मागचा असे दोन आस. दोन आसांमधले अंतर ८० इंच. इंजिन साठ अश्वशक्तीचे. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स; त्याची दांडी ओढली की पुढच्या चाकांनाही गती मिळते, आणि दुसरी दांडी ओढली की वेग निम्मा होऊन जोर दुप्पट होतो. बस्स, जीपची सारी विद्या एवढीच. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही गाडी नट-बोल्टांनी जोडलेली होती आणि विलिसच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीला बहुतेक ठिकाणी चपखल बसत होता. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांमधून एक चालती गाडी करता यावी, हा त्यामागचा हेतू. सामान्य शिपायाने पाना हातात घ्यावा आणि गाडी समजून घ्यावी, अशी ती बनवलेली होती. जी वस्तू उघडता येते ती शिकता येते, आणि जी शिकता येते ती बदलताही येते. जीप दीर्घायुषी झाली ती यामुळे.

युद्ध संपले आणि या गाड्या जगभर विखुरल्या. त्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये रोव्हर कारखान्याचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरत असे. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन त्याने जी गाडी बनवली ती एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली; तीच लँड रोव्हर. फिलिपाईन्समध्ये अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या जीपा मनिलाच्या कारागिरांनी कापल्या, लांब केल्या, बाके बसवली, छत घातले आणि त्यांतून प्रवासी नेऊ लागले. तिला ते जीपनी म्हणतात. आणि खुद्द अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, १९५३ साली पन्नासएक जीपांचे मालक एकत्र जमले आणि निव्वळ आनंदासाठी खडकाळ वाटेने गाड्या घेऊन गेले. तेव्हापासून रुबिकॉन नावाच्या त्या वाटेवर असे मेळे भरू लागले. पोटासाठी गाडी बदलणारे आणि हौसेसाठी गाडी बदलणारे असे दोन पंथ युद्धानंतर दहा वर्षांच्या आतच निर्माण झाले. आपल्याकडेही हे दोन्ही आले. पोटाचा आधी आला आणि हौसेचा पुष्कळ नंतर.

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे झाले. चाळिशीच्या अखेरीस या कंपनीने माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीपा जोडण्यास सुरुवात केली. हळूहळू एकेक भाग इथेच तयार होऊ लागला.

पण जीपची ओळख आपल्या जिल्ह्याला त्याआधीच झाली होती. सातारा हा शिपायांचा जिल्हा. अपशिंग्यासारख्या गावातून घरटी माणूस पलटणीत गेलेला. महायुद्धात आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश पाहून आलेल्या माणसांनी ही गाडी पाहिली होती, काहींनी हाकलीही होती. आणि या मुलखात लोखंड ओळखणारे हातही तयार होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगरांचा कारखाना उभा केला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बनू लागली. अशा कारखान्यांत उमेदवारी केलेला फिटर, लेथवाला, ओतारी नोकरी सुटल्यावर किंवा सोडल्यावर गावी परतला आणि त्याने रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. आपल्या भागातल्या गॅरेजांची वंशावळ लिहायची झाली तर तिचे मूळपुरुष हे आहेत.

पुढची वीस वर्षे जीप म्हणजे सरकार. कोयना धरणाच्या कामावरचा इंजिनिअर, मामलेदार, बीडीओ, साखर कारखान्याचा शेती अधिकारी, निवडणुकीतला उमेदवार, सगळे जीपमधून येत. गावात जीप आली की पोरे मागे धावत आणि थोरली माणसे उठून उभी राहत. त्या काळात गाडीत बदल झाला तोही प्रथम कारखान्यानेच केला. १९५३ मध्ये विलिसने जीपमध्ये नवे इंजिन बसवले. ते जुन्याहून उंच होते, तेव्हा त्यांनी सरळ बोनेट उंच करून टाकले. आपल्याकडे बरीच वर्षे तीच जीप बनत राहिली. मिस्त्री आजही जीपांची जात ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ अशीच सांगतात. जुन्या चौकटीत नवे इंजिन बसवायचे आणि बाकीचे त्याप्रमाणे जुळवून घ्यायचे, हा धडा कारखान्यानेच घालून दिला. मिस्त्रींनी तो गिरवला इतकेच.

गिरवण्याची वेळ आणली ती तेलाने. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. पेट्रोल पिणारी जीप बाळगणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. सरकारी खात्यांच्या लिलावात निघालेल्या जीपा स्वस्तात मिळत, पण चालवायच्या कशावर? तेव्हा पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे सुरू झाले. मिळेल ते इंजिन बसवीत. पुढे मॅटाडोरचे इंजिन बसवलेल्या कितीतरी जीपा माझ्या हाताखालून गेल्या. ऐकायला हे सोपे वाटते. पण डिझेलचे इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. ते हादरते, म्हणून त्याच्या बैठकी तुटतात. आणि ते सावकाश फिरते, म्हणून गाडी पळत नाही. मागच्या आसात एक दातेरी जोडी असते, तिला क्राऊन-पिनियन म्हणतात. जीपच्या जोडीत लहान चाकाला आठ आणि मोठ्याला त्रेचाळीस दाते. म्हणजे रस्त्यावरचे चाक एकदा फिरण्यासाठी आतला दांडा पाच वेळांहून अधिक फिरावा लागतो. जोर भरपूर, वेग कमी. म्हणून डिझेलवाले आठ-एकोणचाळीसची जोडी शोधत फिरत. गॅरेजमध्ये शाळा न शिकलेली पोरे ही त्रैराशिके तोंडी करीत. मीही त्यांतलाच.

आता मी माझ्या स्वतःच्या काळात येतो. १९८६ साली मी सोळा वर्षांचा होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गॅरेजमध्ये उमेदवारी करत होतो. गॅरेज आज नाही, मालकही नाहीत. नाव सांगण्याचे कारण नाही. तो वडापचा काळ होता. वडाप म्हणजे काय हे या सभेत सांगायला नको. जिथे एसटीची गाडी दिवसातून एकदा येते, किंवा येतच नाही, तिथे बाजाराला, दवाखान्याला, शाळेला माणसे नेणारी जीप म्हणजे वडाप. कायद्यात तिला जागा नव्हती आणि लोकांचे तिच्यावाचून चालत नव्हते. जितकी माणसे बसतील तितका धंदा. म्हणून जीप लांब करून घेण्याची रीत पडली. मनिलाच्या कारागिरांनी जे केले तेच आम्ही केले, एकमेकांना न पाहता. चॅसिस मधून कापायची, दीड-दोन फुटांचा तुकडा घालायचा, वेल्डिंग करायचे, वरून पट्टी मारायची. पुढच्या आसाचा दांडा काढून कोपऱ्यात टाकायचा, कारण चार चाकांची गती वडापला नको होती. तेवढेच डिझेल वाचे. ज्या गुणासाठी जीप जन्माला आली तो गुण आम्ही भंगारात टाकत होतो.

चॅसिसचा तुळया पन्हळीसारखा असतो: एक उभी बाजू आणि वर-खाली दोन आडव्या पट्ट्या. ओझ्याचा ताण त्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर येतो. म्हणून भोक पाडायचे तर उभ्या बाजूला, मध्यावर. आडव्या पट्टीला कधीही नाही. हे मी आज सांगतो. त्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते. एका वडापच्या जीपला जोडपट्टी बसवायची होती. मिस्त्री जेवायला गेले होते, मालक घाई करत होता. ‘अरे, पाड भोके, संध्याकाळी गाडी द्यायचीय,’ असे म्हणाला. मी खालच्या पट्टीला चार भोके पाडली, बोल्ट आवळले, वरून काळा रंग मारला. काम नीटनेटके दिसत होते. मिस्त्री आल्यावर त्यांनी वरवर पाहिले आणि म्हणाले, ‘शाब्बास रे पोरा.’

चार महिन्यांनी ती गाडी घाटात वळणावर मधोमध वाकली. भेग माझ्या भोकापासून सुरू झाली होती. सुदैवाने वेग नव्हता आणि गाडी दरीत गेली नाही. पण मागच्या फाळक्यावर आमच्याच गॅरेजमधला एक हेल्पर उभा होता. माझ्याच वयाचा. दुसऱ्या गावी एका गाडीचे काम करायला तो त्या वडापने चालला होता. तो खाली पडला आणि मागून आलेल्या टेंपोखाली त्याचा पाय सापडला. गुडघ्याखाली काढावा लागला.

नुकसानभरपाईसाठी १९२३ चा कायदा त्या वेळी होता. आम्ही खटपट केली. पहिलाच प्रश्न आला: हा मुलगा तुमच्याकडे नोकरीला होता याचा पुरावा काय? हजेरीपुस्तक नव्हते. पगाराची पावती नव्हती. मालकाने सांगितले, ‘असाच येऊन बसायचा.’ चॅसिस कोणी लांब केली याचाही कागद नव्हता, कारण आरसी बुकात गाडी जशीच्या तशी होती. ज्याने काम केले तो नाही, ज्याने करवून घेतले तो नाही, आणि जे काम झाले तेही नाही. कागदावर फक्त एक अपघात होता. त्या दिवसापासून मी पाना खाली ठेवला आणि युनियनकडे वळलो. मी हे सांगतो ते सहानुभूतीसाठी नव्हे. गिरमिट माझ्या हातात होते, हे मी आजवर कोणत्याच सभेत सांगितले नव्हते. आज इतिहास सांगायला उभा राहिलो आहे, तेव्हा स्वतःपुरता तो लपवता येणार नाही.

पुढे कारखान्यांनीच कमांडर, ट्रॅक्स अशा लांब गाड्या बाजारात आणल्या आणि जीप कापण्याचा धंदा मंदावला. ऐंशीच्या दशकात प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन घातलेल्या जीपा कारखान्यातून तयार मिळू लागल्या. रस्ते सुधारले. जुन्या जीपा शेतात, उकिरड्याशेजारी गंजत पडल्या. त्या संपल्या असे वाटत असतानाच हौसेचा पंथ आपल्याकडे आला. शहरात चांगला पगार मिळवणारे तरुण या गाड्या शोधत खेडोपाडी फिरू लागले. २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात चिखलातल्या गाड्यांची मोठी स्पर्धा होऊ लागली आणि हौसेला ईर्ष्येची जोड मिळाली.

यांचे मागणे आमच्या बरोबर उलटे. आम्ही फेकून दिलेला पुढचा आस त्यांना हवा. आम्ही काढून टाकलेली आठ-त्रेचाळीसची जोडी हवी, कारण मोठे टायर फिरवायला जोर लागतो. पाट्यांवर बसवलेला आस ते पाट्यांखाली घेतात, म्हणजे पाटेच आसावर चढवतात. त्याने गाडी चार-पाच इंच उंच होते आणि खडक पोटाला लागत नाही. गाडीचे एक चाक हवेत उचलले गेले की इंजिनाची सगळी गती त्याच मोकळ्या चाकाला जाते आणि टेकलेले चाक स्वस्थ राहते, हा साऱ्या मोटारींतला जुना दोष. तो घालवण्यासाठी ते आसात कुलूप बसवतात. कारागिरी म्हणून हे काम उत्तम आहे. जोर खोऱ्यातल्या ओढ्यात रुतलेली अशी एक जीप स्वतःच्या विंचने स्वतःला ओढून बाहेर आलेली मी पाहिली आणि वय विसरून टाळी वाजवली.

पण प्रत्येक बदलाची किंमत कोठेतरी द्यावी लागते. गाडी उंच केली की तिचा तोल वर जातो आणि आडव्या उतारावर ती कलंडते. आस खाली गेला की स्टिअरिंगचे दांडे तिरपे होतात आणि खड्ड्यात चाक आपोआप वळते. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. हे जाणणारा मिस्त्री दांडे बदलतो, नळ्या लांब घेतो, पिंजरा चॅसिसला धरून बसवतो. न जाणणारा फक्त गाडी उंच करून देतो. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. माझी काळा रंग मारलेली पट्टी दिसली होती तशी. किंमत जमिनीलाही द्यावी लागते. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावर पावसाळ्यात इवली रानफुले येतात. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरले. तिथे एकदा उमटलेले चाक वर्षानुवर्षे पुसत नाही. मोकळी दिसणारी जमीन रिकामी नसते, एवढे हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. २००० मध्ये ते अधिक कडक झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कारखान्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. घाटातला तो दिवस पाहिलेला मी या कायद्याला वाईट म्हणणार नाही. रस्त्यावर चालणारी गाडी सगळ्यांच्या जिवाशी संबंधित असते. २०२१ मध्ये आणखी एक नियम आला. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. मात्र तिची चॅसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

या शेवटच्या नियमापाशी मी थांबलो. त्याचा अर्थ असा की, श्रीमंताच्या गॅरेजात झाकून ठेवलेली, कोणाचाही हात न लागलेली जीप हा वारसा. आणि जिच्यावर तेलाच्या टंचाईची, वडापची, तीन पिढ्यांच्या मिस्त्रींची खूण आहे, ती जीप वारसा नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू मी समजू शकतो. मूळ वस्तू जपायची तर ती मूळ स्वरूपातच हवी. परंतु आपल्या मुलखात हात न लागलेली जीप शोधून सापडायची नाही. आपल्याकडची प्रत्येक जीप ही बखर आहे आणि तिची पाने मिस्त्रींनी लिहिली आहेत. बखरीवर लेखकाचे नाव नसले तर तिचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांना मी सांगायला नको. इथेही तसेच आहे. नाव नसल्याने चांगल्या मिस्त्रीला मान मिळत नाही, आणि नाव नसल्यानेच माझ्यासारख्या पोराची चूक झाकली जाते. मान आणि जबाबदारी या एकाच नाण्याने मोजाव्या लागतात.

हौशी मालक परदेशी विंच विकत घेतो, त्याची पावती जपून ठेवतो. पण ते विंच ज्याने चॅसिसला बसवले त्याच्या मजुरीची पावती नसते. ती मागण्याची पद्धतच नाही. वडापच्या काळी नव्हती, आजही नाही. पोटाचा पंथ गेला, हौसेचा आला, गाडीची किंमत कितीतरी पट वाढली; खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र १९८६ सालच चालू आहे.

आणि आता वेळही थोडा आहे. नव्या गाड्या पान्याने उघडत नाहीत. संगणक जोडल्याशिवाय त्यांचा दोष कळत नाही. जुनी जीप समजणारे मिस्त्री साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली उमेदवार नाहीत. आठ-त्रेचाळीस म्हणजे काय, भोक कोठे पाडायचे आणि कोठे पाडायचे नाही, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरते आलेले नाही. ज्या वाईत मराठी विश्वकोश घडला, जगातले सारे ज्ञान मराठीत आणण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्या गावाला मी एवढेच विनवतो की, आपल्याच रस्त्याकडेच्या शेडमध्ये आधीपासून मराठीत असलेले हे ज्ञान लिहून ठेवावे.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. युनियनच्या वतीने ओळखीच्या गॅरेजांना एकेक वही दिली आहे. मोठे काही नाही, साधी दोनशे पानी वही. गाडीचा नंबर, काय बदलले, का बदलले, कोणी केले, हाताखाली कोण होते, मजुरी किती. खाली मालकाची आणि मिस्त्रीची सही. सुरुवातीला मिस्त्रीच बिचकले. ‘साहेब, उद्या आरटीओने धरलं तर?’ असे म्हणाले. मी म्हणालो, ‘जे काम लिहायला भीती वाटते, ते करूच नका. आणि जे केले ते लिहा.’ काहींनी वही परत केली. काहींनी ठेवून घेतली. एका हौशी मालकाने स्वतःहून सही केली आणि मिस्त्रीच्या पोराला पहिल्यांदा पगाराची पावती दिली. एवढ्याने काही क्रांती होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या त्या पोराला कोणी ‘असाच येऊन बसायचा’ असे म्हणू शकणार नाही.

माझ्या स्वतःच्या वहीचे पहिले पान मी जुन्या तारखेने भरले आहे. साल १९८६. काम: चॅसिसची जोडपट्टी. चूक: खालच्या पट्टीला चार भोके. करणाऱ्याच्या नावापुढे मी माझे नाव लिहिले. हाताखाली कोण, या रकान्यात त्या मित्राचे नाव लिहिले आणि वही त्याच्याकडे नेली. आज तो पंक्चरचे दुकान चालवतो. त्याने पान वाचले, बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्याकडून पेन घेतले आणि आपल्या नावापुढे सही केली.